पंधरा नंबरची खुर्ची

सी शादली सियाला या माणसाबद्दल मला कधीच आदर वाटला नाही, हे आधीच सांगून टाकते. नावाआधी ‘सी’ लावत होते, ते आपलं ट्युनिशियात, आमच्या स्फाक्समध्ये, सगळ्याच पुरुषांना लावतात म्हणून, बायकांना ‘लल्ला’ लावतात तसं. न लावावं तर लोक आपल्यालाच नावं ठेवतात. बाकी त्या माणसात मान देण्यासारखं काय होतं? गळ्यापर्यंत लावलेलं शर्टाचं बटण, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली जुनी मोपेड, आणि बरोबर साडेबाराला डब्यातून निघणारी बार्लीची रोटी आणि खारा मासा. छप्पन्न वर्षांत त्यानं एकच कला साधली होती, कोणाला कुठं बसवायचं.

ही कला लग्नांतली. त्यांच्या मोहल्ल्यात कुणाचं लग्न असो की सुंता, अंगणात खुर्च्या मांडायला शादलीला बोलावणं जायचं. नवरदेवाचा मामा पहिल्या रांगेत, पण चुलत्याच्या डावीकडे. इमाम मधोमध. दोन भावांचं जमिनीवरून वाजलेलं असेल तर दोघांच्या मध्ये एक बहिरा म्हातारा. हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का. त्यानं मांडलेल्या खुर्च्यांवरून कुणी रुसून उठून गेलं असं कधी झालं नाही म्हणे. कोणी हळूच येऊन ‘मला जरा पुढची दे’ म्हणालं, तर तो द्यायचा, आणि कोणी मागितली होती हे कधी कुणाला कळू द्यायचा नाही. लोक याचं फार कौतुक करायचे. खुर्च्या मांडण्याचं काय कौतुक करायचं, हे मला आजवर समजलेलं नाही.

आमचे मालक सी हेदी यांच्या मुलीच्या लग्नात त्यानं अशाच खुर्च्या मांडल्या. मालक इतके खूश झाले की त्याला उचलून थेट कंपनीत घेऊन आले. आधी तो एका शाळेत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, तेवढी पात्रता पुरली.

आमची कंपनी तेलघाण्यांसाठी पेट्या बनवते. ऑलिव्ह दळले की त्यांचा लगदा एका मोठ्या भांड्यात घोळवतात, आणि घोळताना तो कोमट ठेवावा लागतो. सत्तावीस अंश, फार तर अठ्ठावीस. त्याच्या वर गेला की तेलाचा वास गेला, कस गेला. ती ऊब सांभाळायची हे पेटीचं काम. पेटीच्या पोटात एक चिमुकला कॉम्प्युटर असतो आणि त्याची प्रणाली आम्ही ऑफिसातच तुकडे जोडून बांधतो. वीज आली की पेटी जागी होते आणि एका फोल्डरमधल्या फाइली ओळीनं उठवते. प्रत्येक फाइलीच्या नावात दोन आकडी नंबर असतो. लहान नंबर आधी, मोठा मागून, आणि पुढचीचं आवरल्याशिवाय मागची उठत नाही. एवढंच शास्त्र. तो फोल्डर सी शादलीच्या ताब्यात होता.

थोडी अक्कल असलेला माणूस काय करेल? कोणाला कोणाची गरज आहे ते बघून नंबर देईल. सी शादलीनं नंबर दिले मानाप्रमाणे! फाईल कोणी लिहिली, त्याचं वय काय, नोकरीची वर्षं किती, मालकांशी नातं काय. एक नंबर मालकांना, कारण पडद्यावर कंपनीचं चिन्ह दाखवणारी फाईल त्यांनी स्वतः ‘सुचवली’ होती. दहा नंबर तापवणाऱ्या फाइलीला, कारण ती लिहिणारा फ्रान्समधून डॉक्टरेट घेऊन आला होता आणि लिहून परत फ्रान्सला गेलाही होता. मध्ये पाच-पाच नंबर मोकळे, उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी. हे सगळं तो एका जाड वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. कॉम्प्युटरच्या कंपनीत वही आणि पेन्सिल!

लोकही तसलेच. ज्यांना आपली फाईल काय करते हे धड सांगता यायचं नाही, ते नंबरासाठी भांडायला यायचे. मालकांचा मेहुणा नौफल एकदा तरातरा आला. घाण्यातली आकडेवारी फोनच्या नेटवर्कवरून ऑफिसला कळवणारी फाईल त्याची.

“सी शादली, वीस? मालकांच्या सख्ख्या मेहुण्याला वीस?”

“वीस म्हणजे दुसऱ्या रांगेतली पहिली खुर्ची, सी नौफल,” शादली शांतपणे म्हणाला. “पहिल्या रांगेत कडेला बसण्यापेक्षा केव्हाही चांगली. येणारा-जाणारा सलाम करतो.”

नौफल मान ताठ करून गेला. मी माझ्या टेबलावरून ऐकत होते. हसू आवरेना. “सी शादली, पेटीत कोण कोणाला सलाम करतं हो?”

“लल्ला वसीला,” तो म्हणाला, “यंत्र कुणावर रुसत नाही. माणसं रुसतात.”

उंटावरचा शहाणा! मी पेट्या तपासायचं काम अकरा वर्षं करते आहे. यंत्र रुसतं की नाही हे मला विचारा. पण भांडणारे येत राहिले, तो समजूत घालत राहिला. एकदा मीही भांडले होते. ते पुढं येईलच.

ओल्फा आमच्यात सगळ्यांत नवी. केरकेना बेटावरची, अंगानं काडी, बोलणं हळू. स्फाक्सच्या लोकांनी बेटावरच्यांना टोमणे मारायचे ही जुनी रीत, आणि ती बिचारी हसून सोडून द्यायची. तिला एका वर्षाचा करार होता, डिसेंबरअखेरपर्यंतचा. कायम झाली असती तर आईला बेटावरून शहरात आणणार होती, दोन खोल्या बघूनही ठेवल्या होत्या. तिनं लिहिलेली फाईल आम्ही ‘राखण’ म्हणायचो. तापवणारी फाईल आंधळी आहे. वीज जाण्याआधी शेगडी चालू असेल तर वीज आल्यावर ती चालूच करते. लगदा किती तापला हे बघते ती राखण, आणि तीस अंश झाले की शेगडी बंद करते. पेटीत खऱ्या अर्थानं कामाची म्हणावी अशी हीच एक फाईल, आणि तिचा नंबर होता पंचाऐंशी.

डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. शहराबाहेर अगारेबकडचे घाणे दिवसरात्र चालू असतात. एका दुपारी त्या बाजूला सोसाट्याचा वारा सुटला, वीज गेली, फोनचा मनोराही बंद पडला. अर्ध्या तासानं वीज आली, मनोरा काही आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लल्ला मबरूका आमच्या ऑफिसात हजर. सत्तरीची बाई, नवऱ्यामागं घाणा एकटीनं चालवते. हातात एक बाटली आणि रुमालात बांधलेली रोटी. दोन्ही तिनं मालकांच्या टेबलावर आपटली.

“चाख,” ती म्हणाली.

“लल्ला मबरूका, आधी बसा तरी—”

“बसायला आले नाही. चाख म्हणते ना! गावातल्या बाया पहाटेपासून थंडीत शिड्यांवर चढून झाडं झोडत होत्या. त्यांच्या हातच्या फळांचं काय केलंस ते चाख.”

मालकांनी रोटीचा तुकडा तेलात बुडवला. चेहरा असा झाला की काय सांगू. मग आम्हा सगळ्यांना चाखावं लागलं. तेल कसलं, करपलेल्या भाजीचं पाणी. ओल्फानं तुकडा तोंडात घातला आणि तो तिला गिळवेना.

“माझी माणसं पेटीसमोर उभी होती,” म्हातारी म्हणाली. “विचार त्यांना, पेटीत काय दिसत होतं. पाऊण तास तुझ्या कंपनीचं चिन्ह, आणि खाली ‘स्वागत’! कोणाचं स्वागत करत होतास रे? आत लगदा शिजतोय आणि बाहेर स्वागत!”

ती गेली. बाटली टेबलावरच राहिली. मालक खोलीत दोन फेऱ्या मारून थांबले आणि म्हणाले, “राखण कोणाची?”

“माझी,” ओल्फा म्हणाली.

“मग ती झोपली कशी? तीस अंशाला शेगडी बंद करायची, एवढं एक काम! बिंती, पोरी, असं असेल तर करार पुढं वाढवायचा कसा मी?”

“सी हेदी, ती झोपली नसेल. ती उठलीच नसेल.”

“त्यात फरक काय?”

फरक काय हे ज्याला कळत नाही तो कंपनीचा मालक. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मी मध्ये पडले. “मला दोन तास द्या. तपासून सांगते. तोवर कुणाचं नाव घेऊ नका.” ओल्फानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिची आईच आहे. त्या बघण्यानं मला बरं वाटलं, हेही कबूल करते.

मी तीच पेटी, तीच प्रणाली टेबलावर घेतली, शेगडी जोडली, पातेल्यात पाणी ठेवलं. ऑफिसात नेटवर्क कायम असतं, म्हणून ही चूक इथं कधी दिसलीच नव्हती. मी अँटेना काढली आणि वीज दिली. एक नंबर, कंपनीचं चिन्ह. दहा नंबर, शेगडी पेटली. पंधरा नंबर उठला, दिवे लागले, विझले, झालं. वीस नंबर, नौफलची फाईल, नेटवर्क शोधायला बसली आणि बसूनच राहिली. मागच्या सगळ्या तिच्यामागं ताटकळल्या. पाण्यात थर्मामीटर होता. तीस, छत्तीस, एक्केचाळीस. राखण पंचाऐंशीव्या खुर्चीवर, तिला कोण उठवणार?

वीसच्या आधी असती तर उठली असती. वीसच्या आधी पंधरा होता. आणि पंधरावर होती माझी फाईल.

ती काय करते, तर पेटीतले चार दिवे आणि दोन बटणं ठीक आहेत का ते बघते. शेवटी उठली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पंचाऐंशी नंबर तिचाच होता आणि तिथं तिचं छान चाललं होतं. पण गेल्या मार्चमध्ये मी सी शादलीची वही उघडी पाहिली, आणि पंधरावर त्या काल आलेल्या पोरीचं नाव वाचलं. माझं डोकं फिरलं.

“अकरा वर्षं इथं घासली मी,” मी म्हणाले होते, “आणि माझी फाईल तिच्या मागं? सत्तर नंबर मागं? तुम्हाला लाज नाही वाटत?”

“लल्ला, तो नंबर ओल्फानं नाही मागितला. जाताना डॉक्टरसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, माझ्या जवळच बसव म्हणून.”

“डॉक्टरसाहेब गेले फ्रान्सला. मी इथं आहे.”

त्यानं पेन्सिल उचलली, खोडलं, लिहिलं. जाऊन त्या पोरीला काय सांगितलं असेल ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही. मला खुर्ची मिळाली होती.

दुपारी मालकांच्या खोलीत सगळे जमलो. मी पेटी, पातेलं, थर्मामीटर सगळं आत नेलं आणि दाखवलं. “राखण निर्दोष आहे,” मी म्हणाले. “तिचा नंबर चुकला आहे. वीसच्या मागं ठेवली म्हणून ती उठली नाही. यात ओल्फाचा काही दोष नाही.” हे मी ठणकावून बोलले. इथपर्यंत मी चांगलीच होते.

मालक पातेल्यातल्या वाफेकडं बघत राहिले. मग वळले. “सी शादली, नंबर तुम्ही देता.”

“हो, सी हेदी.”

“राखण पंचाऐंशीवर कोणी ठेवली?”

शादलीनं वही मांडीवर घेतली. पान उलटलं, थांबला, अंगठा ओळीवर ठेवला. मी त्याच्या समोर बसले होते, मला तो अंगठा दिसत होता. मी मनात म्हणत होते, आता बोल, बोलून टाक, एकदा काय ते होऊन जाऊ दे. त्यानं वही मिटली.

“मी ठेवली.”

“का?”

“मला वाटलं.”

“वाटलं? काय वाटलं? कोणी सांगितलं होतं का तुम्हाला?”

“नाही.”

“एवढी महत्त्वाची फाईल, आणि तुम्ही उगीच उचलून मागं टाकली? वेड लागलं होतं?”

“चूक झाली, सी हेदी.”

माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. मी तोंड उघडलं, आणि पाणी प्यायले. मग ग्लास खाली ठेवला आणि परत उचलला. तो रिकामा होता, तरी ओठाला लावला.

नौफल मोठ्यानं हसला. “खुर्च्या मांडणाऱ्याला यंत्र दिलं की हेच होणार! मी म्हणतच होतो.” याला मी मान डोलावली. खरं सांगते, डोलावली. मालक अर्धा तास बोलत होते. लग्नातलं तेव्हाचं कौतुक आता शिव्या होऊन बाहेर पडत होतं. शादली गळ्याचं बटण चाचपत ऐकत होता. ओल्फा खाली मान घालून बसली होती. एकदाच तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, “सी हेदी, त्यांनी मला तेव्हा विचारलं होतं. मी हो म्हणाले होते.”

“तू नवीन होतीस, बिंती,” शादली म्हणाला. “तू हो म्हणणारच.”

दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. मालकांनी त्याच बैठकीत ओल्फाला कायम केलं, बहुधा म्हातारी परत आली तर न्याय झाला हे दाखवता यावं म्हणून. आणि फोल्डर आला माझ्याकडं. “लल्ला वसीला, आता तुम्हीच बघा. तुमच्यासारखं डोळस माणूस हवं तिथं,” मालक म्हणाले.

सकाळी आले तर माझ्या टेबलावर त्याची वही, आणि थर्मामीटरखाली घडी घातलेला एक कागद. वहीतलं पान होतं, पट्टीच्या कडेनं नीट फाडलेलं. पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘लल्ला वसीला यांनी १५ मागितला. वय आणि नोकरी पाहता योग्य. दिला. बिंती ओल्फा ८५. राखण आधी उठायला नको का, असं तिनं दोनदा विचारलं.’

बाकी काही नाही. दोन शब्द नाहीत, टोमणा नाही. लग्नात मागून घेतलेल्या खुर्चीची गोष्ट जशी कुणाला सांगायची नाही, तशी ही. मला उपकार वाटायला हवे होते. मला संताप आला. न मागता एवढं मोठं ओझं अंगावर टाकून मोपेडवर बसून निघून जायचं, हा काय मोठेपणा? भांडायचं तरी होतं माझ्याशी! त्यानं भांडून माझं नाव घेतलं असतं तर मी त्याला खोटं पाडलं असतं, आणि निदान माझ्या तिरस्काराला जागा राहिली असती. मी कागद पर्समध्ये कोंबला. संध्याकाळी घरी शेगडीवर धरला.

फोल्डर मी नीट लावला. राखण आता पाच नंबरवर आहे, तापवणारीच्याही आधी. नौफलची फाईल शेवटी टाकली, नेटवर्क शोधत बसायचं तर बसू दे. माझी फाईल पंचाण्णववर ठेवली. सगळ्यांना वाटलं, बाई किती निगर्वी! ओल्फा आईला घेऊन आली, मला खारवलेल्या माशांचा डबा आणून दिला. तिच्या आईनं माझा हात कपाळाला लावला.

मागच्या आठवड्यात एक जुना नंबर शोधायला ओल्फानं ती वही चाळायला घेतली. एके ठिकाणी थांबली. मार्च महिन्यातलं एक पान नव्हतं, शिवणीशी बारीक पट्टी तेवढी उरली होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

“लल्ला वसीला, हे पान कोणी फाडलं असेल?”

“त्यानंच,” मी म्हणाले. “आपली चूक झाकायला. तसलाच होता तो माणूस.”

तिनं मान हलवली आणि वही जागेवर ठेवून दिली.